चंद्रामागचा फोन नंबर

लोहाऱ्यात माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला चिकटून मुजीबचं दुकान. दुकानामागं त्याचं घर. मधली भिंत चार इंचाची. गिरणी बंद असली की पलीकडं कांदा चिरला तरी इकडं माझे डोळे चुरचुरतात. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे ‘गुंडाप्पा, तुला हे सगळं कसं ठाऊक?’ असं पुढं कुणी विचारायला नको. मी कान लावून ऐकत नाही. पण देवानं दिलेले कान दळण नसताना काढून खुंटीला टांगता येत नाहीत, एवढाच माझा गुन्हा.

मुजीब मूळचा पेंटर. चाळिशी ओलांडलेला, ताडासारखा उंच, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या डोक्यामागच्या भिंतीकडं बघणारा. भिंत कोरी दिसली की ह्याला जेवण गोड लागत नाही. पंधरा-वीस वर्षं ह्या गावात माणसाच्या डोक्याच्या वर जेवढी अक्षरं होती तेवढी सगळी ह्याच्या हातची. हात असा की ब्रश टेकवला तिथं वेल फुटायची. सगळा घोळ त्या वेलीचाच.

माझ्याच गिरणीचा बोर्ड घ्या. ‘गुंडाप्पा पीठ गिरणी’ असं लिहायचं ठरलं होतं. ह्यानं कडेनं गव्हाच्या ओंब्या काढायला घेतल्या. ओंब्या अशा तरारून आल्या की शेवटचा शब्द त्यांच्याखाली गाडला गेला. राहिलं ‘गुंडाप्पा पीठ’. अजूनही नवखं गिऱ्हाईक मला ‘पीठसाहेब, दळण झालं का?’ म्हणून विचारतं. एका दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड केला, तर दात इतके पाणीदार काढले, खाली लाल मखमल इतकी मऊ काढली, की पहिल्याच आठवड्यात दोन बायका आत जाऊन मोत्यांचा भाव विचारून आल्या.

मी एकदा त्याला धरलाच. “मुजीब, लेका, बोर्ड कशासाठी असतो?”

“बघण्यासाठी.”

“वाचण्यासाठी रे!”

“अप्पा, वाचायला पेपर हाय की.”

मी दळणाकडं वळलो.

मग फ्लेक्स आला. वेल नको, ओंब्या नको. सकाळी फोटो द्या, संध्याकाळी वाढदिवस चौकात टांगा. मुजीबचे ब्रश डब्यातच वाळले. दुसरा कुणी असता तर रडत बसला असता. ह्यानं चाळिसाव्या वर्षी यष्टीनं धाराशिवला खेटे घालून तीन महिन्यांचा वेबसाइट बनवायचा कोर्स केला. पहिल्या दिवशी हा वर्गात शिरला तेव्हा सगळी पोरं मास्तर आले समजून उभी राहिली म्हणे. परत आला तो छातीत हवा भरूनच. दुकानावर नवा बोर्ड लागला, ‘मुजीब डिजिटल’. तो मात्र वाचता येत होता, कारण तो फ्लेक्सचा होता.

पण माणूस बदलत नाही, भिंत बदलते. आता त्याची भिंत मोबाइलच्या पडद्याची झाली. पहिली वेबसाइट एका मंगल कार्यालयाची. उघडली की वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या, पडतच राहायच्या. खाली कार्यालय आहे हे पाकळ्यांवर विश्वास ठेवून मान्य करायचं. माणसं किती मावतात, पाण्याची सोय काय, ह्याचा पत्ता नाही. त्याची बायको तहरीमभाभी घरी शिवणकाम करते. कामाला चोख आणि जिभेला सुईसारखी. तिनं ते बघितलं आणि पायानं मशीन चालवत चालवत म्हणाली, “ब्लाउजवर कितीबी नक्षी काढा. हात घालायला जागा ठेवायची का न्हाय?”

मुजीब म्हणाला, “तुला कलेतलं कळत न्हाय.”

कार्यालयवाल्याला पण कळलं नाही. त्यानं वेबसाइट बंद केली.

तेव्हापासून भिंतीपलीकडं पुण्याचं नाव निघायला लागलं. तहरीमभाभीचा भाऊ अबुजर पुण्यात एका छपाईच्या कारखान्यात होता. तिथं मुजीबसाठी जागा होती, फ्लेक्सचीच. म्हणजे ज्या फ्लेक्सनं ह्याचा ब्रश खाल्ला, त्याच फ्लेक्सच्या दारात दिवसभर उभं राहायचं. मुजीबला ते विषासारखं. पण भाभीचंही चुकत नव्हतं. ब्लाउजं शिवून ती एकटी किती दिवस ओढणार? शेवटी एका सकाळी तिनं निकाल दिला. मी तेव्हा जात्याच्या दगडाला टाकी लावत होतो. हातोडी आपोआप थांबली.

“फूफीचे बोकड विकून दाखवा,” ती म्हणाली. “तुमच्या वेबसाइटवर जेवढे बोकड दाखवाल, तेवढे सगळे बकरीदीच्या आदल्या दिवसापर्यंत गेले पाहिजेत. गेले, तर मी पुण्याचं नाव काढणार न्हाय. एक जरी राहिला, तर सामान बांधायचं.”

“मंजूर,” मुजीब म्हणाला. मला खात्री आहे, तेव्हाही तो भिंतीकडंच बघत असणार.

फूफी म्हणजे सकिनाबी, मुजीबच्या वडिलांची बहीण. सास्तूर रस्त्याला गावाबाहेर राहते. पासष्टीची बाई, पण शेळ्यांच्या बाजारात तिला बघून मिशीवाले व्यापारी बाजूला सरकतात. आपल्याकडच्या काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्यांची अख्ख्या मुलखात मागणी. त्यात सकिनाबीचा बोकड म्हणजे डोळे मिटून न्यावा. ह्या वर्षी मात्र तिचे गुडघे बसले. दिवसभर बाजारात उभं राहणं होईना. म्हणून मुजीब म्हणाला होता, “फूफी, तू घरीच बस. बाजार तुझ्या दारात आणतो.”

वेबसाइट बकरीदीच्या तीन आठवडे आधी लागली. मुजीबनं पहिली मलाच दाखवली. मी गिरणीच्या कट्ट्यावर बसलो, हात झटकले, फोन घेतला.

आधी पडदा काळा. मग एक-एक करून चांदण्या. मग खालून चंद्र वर यायला लागला. लोहाऱ्याची रेंज ती. चंद्र अर्ध्यावर येऊन अडकला. तेवढ्यात मी एका बाईचं पाच किलो ज्वारीचं दळण उतरवून घेतलं. परत बघितलं तर चंद्र वर आलेला, आणि घंटी वाजून त्याच्यामागनं बोकड निघाला. काय बोकड! अंग असं चमकत होतं की त्यात बघून भांग पाडावा. मागं नळदुर्ग किल्ल्यातले नर-मादी धबधबे धो धो पडतायत. खाली सोनेरी, पिळाच्या अक्षरात नाव, ‘सुलतान’. असे बारा : शहजादा, नवाब, मोती... एकेकाच्या मागं एकेक देखावा. एक तर बर्फात उभा होता.

“कसंय?” मुजीबनं विचारलं.

“देखणं हाय,” मी खरं तेच सांगितलं. “पण एखाद्याला बोकड हवाच असला, तर त्यानं तुला गाठायचं कसं?”

“चंद्रावर बोट दाबायचं. नंबर आन पत्ता चंद्रामागं हाय.”

“आन ते बघणाऱ्याला कसं कळणार?”

“अप्पा,” तो दयेनं म्हणाला, “चंद्र दिसला की माणूस हात लावतोच.”

पन्नास वर्षं मी चंद्र बघतोय. हात लावावासा कधी वाटला नाही.

आठवडाभरात ती वेबसाइट हजारावर लोकांनी बघितली. सगळा तालुका तिची तारीफ करत होता. दोघांनी लग्नपत्रिका असली करून मिळेल का म्हणून विचारलं. एकानं विचारलं, रिसॉर्टात जेवण शाकाहारी असतं का. बोकड कुणीही मागितला नाही.

आता माझ्यासारख्याला हे बघून गप्प बसवत नाही. गल्लीत माझी ख्यातीच ती. एका दुपारी लाइट गेलेली, गिरणी बंद. गल्लीतला मल्लेश दळण ठेवायला आला होता, त्याचा फोन मागून घेतला. मुजीबचा नंबर मला तोंडपाठ होता म्हणून बरं. घसा खरवडून, आवाज जाड करून मी फोन लावला.

“हॅलो, म्या औशाहून बोलतो. तुमचा सुलतान बघितला. दात किती?”

“कुणाचे?”

“तुझे मोजू का? बोकडाचे, मालक!”

हा प्रश्न उगाच नव्हता. जनावराच्या बाजारात कुणीही आधी बोकडाचं तोंड उघडतो. दुधाचे दात पडून पुढचे दोन मोठे आले की तो दोन दाती, म्हणजे वर्ष भरलं. त्याच्या आतला बोकड कुर्बानीला चालत नाही. हे शेंबडं पोर सांगेल. मुजीबला तर घरचंच.

तो म्हणाला, “साहेब, तुम्ही त्याचे डोळे बघितले का? डोळ्यात काय चमक हाय!”

“डोळ्याचं काय लोणचं घालू? बरं, वजन?”

“बघितल्याबरोबर भारदस्त वाटतो.”

“आन शिंगं, कान? शाबूत हायत का?”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “कान... फोटोत एकदम शाबूत हाय.”

मी पुढचं विचारणार, तेवढ्यात लाइट आली. गिरणीचं बटण मी चालूच ठेवलं होतं. मोटर अशी काही भडकली की भिंत हादरली. तोच आवाज मुजीबला एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात भिंतीतून.

“अप्पा!” भिंतीपलीकडनं आरोळी आली. “औसा बरंच जवळ आलं की!”

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. भाभी मात्र दळण घेऊन आली तेव्हा हसू दाबत म्हणाली, “भाऊ, दात किती ते त्यांनी अजून मोजले न्हायत.” हसली खरी, पण जाताना डबा उचलताना हळूच म्हणाली, “अबुजर विचारतोय, खोली बघून ठेवू का.” तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, ही भिंत अशी गप्प झाली तर मी दळण नसताना करायचं काय?

बकरीदीला अकरा दिवस राहिले आणि पहिलं खरं गिऱ्हाईक आलं. दुपारी बाराच्या उन्हात एक छोटा हत्ती टेंपो गल्लीत शिरला. आतनं पांढऱ्या दाढीचा, घामानं निथळणारा माणूस उतरला आणि थेट माझ्यावरच ओरडला, “ते चंद्रवालं दुकान कुठाय?”

हे चाँदपाशा. अणदूरचे. यष्टीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. मी त्यांना पाणी दिलं. मुजीब बाहेर आला.

“तू व्हय तो?” चाँदपाशांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं, वेळ लागला. “सकाळपासून नळदुर्गाच्या किल्ल्यात फिरतोय म्या! फोटोत मागं किल्ला, पत्ता कुठं न्हाय, म्हणलं तिथंच असतील बोकड. तिकीट काढून आत गेलो. तिथल्या माणसाला इचारलं, सुलतान कुठं बांधलाय? त्यानं मला सावलीत बसवलं, डोक्यावर पाणी मारलं. म्हणला, बाबा, सुलतान जाऊन तीन-चारशे वरसं झाली.”

मी तोंड पोत्याकडं वळवलं.

“आन तो धबधबा! अणदूरला जन्म गेला माझा. भर उन्हाळ्यात नर-मादी कोरडेठाक, फोटोत पाणी धो धो. म्हणलं, ह्या बोकडाला बघून दगडाला पाझर फुटला का काय? शेवटी घरी फोन लावला. नात म्हणली, आजोबा, माझं बोट चुकून चंद्राला लागलं तर खाली लोहारा निघालं!”

“बघा,” मुजीब माझ्याकडं वळून म्हणाला, “लावला का न्हाय हात?”

पण चाँदपाशांचा राग वरवरचा होता. सुलतान त्यांच्या डोळ्यात भरला होता. एवढी वणवण करूनही त्यांना तोच हवा होता. मी गिरणीला ‘लाइट नाही’ची पाटी अडकवली, आत दिवा जळतच होता, आणि त्यांच्या टेंपोत मागं चढलो. असला प्रसंग काय रोज येतो?

सकिनाबीच्या दारात लिंबाखाली बोकड बांधलेले. ती खाटेवर, गुडघ्याला फडकं गुंडाळलेली. “या, बसा,” म्हणाली. चाँदपाशा बसले नाहीत. “सुलतान कोणता?” एवढंच विचारलं. मुजीबनं लांबून बोट दाखवलं. तो जवळ जात नव्हता, हे माझ्या लक्षात आलं.

चाँदपाशांनी बोकडाचा जबडा धरून ओठ वर केला. “दोन दाती. चोख.” पाठीवरून, बरगडीवरून हात फिरवला. “भरलाय.” मग बोकडानं मान वळवली आणि डावी बाजू पुढं आली. डावा कान अर्धाच होता. खालचा भाग गायब.

“कान कुठाय?”

“कुत्र्यानं नेला, पिल्लू होता तवा,” सकिनाबी शांतपणे म्हणाली. “हा कुर्बानीला न्हाय, भाऊ. एवढा कान गेल्यावर चालतो का? ह्याला मी दाखवतच न्हाय कुणाला. तुम्हाला कुणी सांगितला?”

चाँदपाशांनी फोन उघडून तिच्या हातात दिला. सकिनाबीकडं बटणांचा फोन. वेबसाइट तिनं कधी बघितलीच नव्हती. तिनं तो लांब धरला, जवळ धरला. चंद्र वर आला. घंटी वाजली.

“देखणा हाय,” ती म्हणाली. “कुणाचा बोकड हा?”

मुजीब दोन पावलं पुढं आला.

“फूफी,” मुजीबचा आवाज पार खाली गेला होता, “आपलाच हाय. सुलतान.”

“आपला? आन मंग हा कान कुणाचा लावलास?”

“त्याचाच. उजवा. उलटा करून.”

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. म्हातारीचं तोंड बघितलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती काठीवर जोर देऊन उठली, सुलतानजवळ गेली आणि त्याच्या तुटक्या कानाला हात लावून म्हणाली, “तीस वरसं बाजारात उभी ऱ्हायले मी. बाईमाणूस म्हणून लोक हसले, भाव पाडून मागितला, सगळं झालं. पण सकिनाबीनं खोट झाकली, असं कुणी म्हणलं न्हाय. तू घरबसल्या म्हणवलंस रे.”

मुजीब पहिल्यांदाच समोरच्या माणसाकडं बघत होता. भिंत नव्हतीच तिथं.

चाँदपाशा टेंपोकडं निघाले होते. “थांबा,” सकिनाबी म्हणाली, “एवढ्या उन्हात आलाय, रिकामं जाऊ नका. घेऊ नका पाहिजे तर, बघून जा.” मग तिनं एकेक बोकड दाव्यानं पुढं ओढायला सुरुवात केली. तिची रीत अशी : आधी खोट, मग दात.

“हा धुरळा उडला की खोकतो. ऐका, आत्ता खोकंल. हां! आता दात बघा. हा दुसरा, मारका हाय, घरात लहान लेकरू असलं तर नेऊ नका. दात बघा. ह्याचं शिंग वाकडं वाटतंय, पण मुळातलंच तसं, मोडकं न्हाय. हात लावून बघा.”

मी चाँदपाशांकडं बघत होतो. पहिल्या बोकडाचं त्यांनी सगळं तपासलं, खूर उचलूनसुद्धा. दुसऱ्याचे नुसते दात. चौथ्याला तर हातच लावला नाही. सकिनाबी सांगतेय तेवढं ऐकलं आणि मान हलवली. जिनं वाईट आधी सांगितलं, ती चांगलं कशाला खोटं सांगेल? दोन बोकड घेतले त्यांनी. खोकणारा पण घेतला. म्हणाले, “माझ्या दारात फरशी हाय, धुरळा न्हाय.”

निघताना ते मुजीबच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “पेंटर होतास न्हवं तू? तुझा उस्तादबी मला ठाऊक. त्याच्या पाट्या म्या गाडी चालवता चालवता वाचायचो. स्टेअरिंगवरनं नजर जरा वळवली की गाव, फाटा, सगळं कळायचं.”

“हौ,” मुजीब पुटपुटला. “उस्ताद म्हणायचे, पाटी पळत्या यष्टीतून वाचता आली पाहिजे. न आली तर पुसायला लावायचे.”

“आन तुझी पाटी वाचायला मला यष्टी थांबवावी लागायची, लेका. पॅसेंजर शिव्या द्यायचे.”

परत येताना मुजीब टेंपोत माझ्याशेजारी बसला आणि लोहाऱ्यापर्यंत रस्त्याकडेच्या पाट्या वाचत राहिला. मी कोपरानं डिवचलं, “काय वाचतोस?” तर म्हणाला, “ज्या वाचता येतायत त्या.”

दुसऱ्या दिवशी चंद्र मावळला. धबधबा आटला. बर्फ वितळला. तीन दिवस मुजीब सकिनाबीच्या दारात पडून होता. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यानं बोकडांचे फोटो काढले. जशास तसे, लिंबाखाली. प्रत्येकाचा एक उभा, एक उघड्या तोंडाचा, दोन कानांचे. तहरीमभाभी ब्लाउजची टेप घेऊन गेली आणि तिनं बोकडांच्या छातीची आणि उंचीची मापं घेतली. मी विचारलं, “भाभी, गळा मोठा ठेवायचा का लहान?” तर म्हणाली, “तुमचं पण घेऊ का माप, भाऊ? दाव्यासहित?”

नवी वेबसाइट उघडली की सगळ्यात वर, ठसठशीत काळ्या अक्षरात फोन नंबर आणि सकिनाबीच्या घराचा पत्ता. मग एकेक बोकड. फोटोशेजारी पहिली ओळ काय खोट आहे त्याची, दुसरी दातांची, मग वय, वजन, लशी कधी टोचल्या. बटण दाबून नाव, गाव लिहिलं की बोकड तुमच्या नावावर ठेवला. अक्षरं मुजीबनं आधी कागदावर ब्रशनं काढली आणि मग आत घातली. फोन माझ्या कट्ट्यावर उभा केला, पाऊल पाऊल मागं जात पार गटाराच्या कडेला पोचला आणि तिथून मोठ्यानं वाचलं. एक अक्षर अडलं, तर रस्ता ओलांडून आला आणि बदललं. असे सात-आठ खेटे. सगळं झाल्यावर मी म्हणालो, “आन वेल?”

त्यानं लाजत पडद्याची कड दाखवली. होती. बारीक, एका बाजूनं वर गेलेली, कुठल्याच अक्षराला न शिवता. खरं सांगतो, ती तिथं होती म्हणूनच ते सगळं नुसतं सरकारी यादीसारखं दिसत नव्हतं. डोळा त्या वेलीवरून उतरत थेट फोन नंबरावर यायचा.

आणि फोन वाजायला लागला. आता दात किती हे कुणी विचारत नव्हतं. थेट, “कधी येऊ?” उमरग्याहून आले, तुळजापूरहून आले. नवाब गेला, मोती गेला, मारका शहजादा एका नव्या जोडप्यानं नेला. बकरीदीच्या दोन दिवस आधी अकरा गेले होते.

राहिला सुलतान.

त्याची ओळ अशी होती : ‘डावा कान अर्धा नाही. कुर्बानीला चालत नाही. बाकी दणकट.’ बकरीदीच्या तोंडावर असला बोकड कोण घेणार? मी मुजीबला बाजूला घेतलं. “येड्या, काढून टाक की त्याला तिथनं. फूफी तर त्याला विकतच नव्हती. भाभी म्हणली होती, दाखवलेले सगळे. दाखवूच नको, प्रश्न मिटला.”

“आत्ता काढला, तर परत खोट झाकल्यागत होईल, अप्पा,” तो म्हणाला.

हा माणूस! शिकायचं तेव्हा शिकला नाही, आणि शिकला तो नको तेवढा.

आदल्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडं पेटी ओढल्याचा आवाज आला. लोखंडी पेटी. मी गिरणी थांबवली. आता माझी अडचण ऐका. आम्ही लिंगायत, माझ्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. बोकड दारात बघितला तर बायको, आमची हरणाबाई, मलाच दाव्याला बांधेल. तरी मी फोन काढला. म्हणलं, सांगू तिला, सांडलेलं पीठ चाटून जमीन साफ ठेवायला आणलाय. सुलतानवर बोट ठेवलं. नाव लिहिलं, ‘पीठसाहेब, लोहारा’. डोळे मिटून बटण दाबलं.

उत्तर आलं, ‘माफ करा. सुलतान पाच मिनिटांपूर्वी दुसऱ्यांच्या नावावर गेला.’

मी तसाच, भुवयांवर पीठ घेऊन, पलीकडं धावलो. पेटी खोलीच्या मधोमध उघडी. मुजीब फोन घेऊन उभा. “अप्पा, गेला! सुलतान गेला! कुणीतरी घेतला!”

“कुणी?”

“नुसतं ‘टेलर, लोहारा’ लिहिलंय.”

तहरीमभाभी मशीनवर मान खाली घालून शिवत होती. मशीन चालत होतं, पण सुईखाली कापड नव्हतं. मुजीबनं फोनकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, मग तिच्याकडं. 

“पेटी कशाला काढली मग?” शेवटी तो म्हणाला.

“ईदचे कपडे काढायला,” ती म्हणाली. “पेटीत दुसरं काय असतं? अबुजरला सकाळीच सांगितलंय, जागा दुसऱ्याला दे. पुण्यात जाऊन तुम्ही फ्लेक्सवर चंद्र काढला असता.”

“कान अर्धा हाय त्याचा,” मुजीब म्हणाला.

“वाचलं. पहिलंच ते लिहिलंय. म्हणून तर घेतला.” मग तिनं मान वर केली, मांडीवरच्या आपल्या फोनकडं, मग माझ्या पिठाळ तोंडाकडं बघितलं आणि ओठ चावला. “आन अहो, अजून एक नाव आलंय बघा त्याच्यामागं. कुणी पीठसाहेब. लोहाऱ्यात पीठ आडनावाचं कोण हाय हो, भाऊ?”

“असेल कुणी तरी,” मी म्हणालो. “नव्यानं राहायला आलेलं.”

मुजीब माझ्याकडं बघून काही बोलणार होता, पण मी तोवर गिरणी सुरू करायला पळालो. गिरणीच्या आवाजात काही ऐकू येत नाही, हा तिचा मोठा गुण.

सुलतान ईदच्या दुसऱ्या दिवशी आला. घर तहरीमभाभीचं, दावं मात्र माझ्या गिरणीच्या खांबाला. सावली तुमच्याकडं जास्त हाय म्हणे. दिवसभर सांडलेलं पीठ चाटतो. तोंड पांढरं, बाकी काळा. हरणाबाई पहिल्या दिवशी बोलली नाही; चौथ्या दिवशी मला न सांगता त्याला भाकरी घालताना सापडली. दळणाला येणाऱ्या बाया त्याची चमक बघून थांबतात, “किती देखणा हो, पीठसाहेब!” म्हणतात. मी उठतो. त्याची मान धरतो आणि आधी डावी बाजू त्यांच्यापुढं करतो.